टेनिस खेळणाऱ्या मुली, प्लायोमेट्रिक उड्या आणि सर्व्हिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात रामनगरच्या कोर्टांवर पहाटे मुलींना सोडायला येणाऱ्या आया, मानकापूरच्या क्रीडा संकुलात भेटणाऱ्या मुली, सकाळची डबल्स आटोपून चहाला बसणाऱ्या मैत्रिणी, या सगळ्यांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मी मुलींच्या शारीरिक तयारीचं काम करते. रॅकेट कशी धरायची ते तुमचे कोच सांगतील. मी बोलते ते जमिनीपासून खांद्यापर्यंतच्या ताकदीबद्दल. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरतं, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लायोमेट्रिक म्हणजे नेमकं काय? साध्या उड्याच ना?

उड्याच, पण टेकल्या टेकल्या पुन्हा उसळणाऱ्या. घरी करून बघा. गुडघे वाकवून खाली जा, तीन सेकंद तसंच थांबा आणि मग उडी मारा. आता न थांबता झटकन खाली जाऊन लगेच वर उडा. दुसरी उडी उंच जाते. स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) आधी ताणले जातात, त्या ताणात ऊर्जा साठते आणि लगेच वर उसळलं तर ती परत मिळते. मध्ये थांबलात की ती वाया जाते. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत पाव सेकंदाहून कमी वेळ लागला, तर ती खरी चपळ उडी.

१९६० च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी उंचीवरून उतरून लगेच उसळण्याची पद्धत मांडली. ‘प्लायोमेट्रिक’ हा शब्द अमेरिकन प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये रूढ केला. आपल्या मुली मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अंगणात लंगडी घालत आल्या आहेत, आणि लंगडी ही एका पायाची प्लायोमेट्रिकच आहे.

२. सर्व्हिस तर हाताने मारतात. मग पायांच्या उड्यांनी ती जोरात कशी होणार?

खुर्चीवर बसून एक सर्व्हिस मारून बघा. हात तोच, रॅकेट तीच, पण चेंडूचा जोर एकदम कमी होतो. उत्तर तिथेच मिळतं.

सर्व्हिसचा जोर जमिनीतून वर येतो. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी हाताने उडवलेला चेंडू, वर गेला की गुडघे वाकतात, दोन्ही पाय जमिनीला ढकलतात, त्या धक्क्याने कंबर फिरते, कंबरेमागून छाती, छातीमागून खांदा, मग कोपर आणि शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आपला वेग पुढच्याला देतो. सर्व्हिसमधल्या एकूण ऊर्जेचा साधारण निम्मा वाटा पाय आणि धड यांतून येतो, असं टेनिसच्या हालचालींचे अभ्यासक मानतात. पायांनी आपला वाटा दिला नाही, तर चेंडूचा वेग टिकवायला खांदा आणि कोपर जास्त राबतात, आणि दुखणं तिथेच सुरू होतं.

मी १६ वर्षांची असताना जोर वाढावा म्हणून मला रोज शंभर सर्व्हिस मारायला लावत. खांदा इतका दुखावला की दोन महिने रॅकेट खुंटीला टांगावी लागली. त्या सगळ्या काळात माझ्या पायांचा विषय कुणी काढला नाही. आज कुठल्याही मुलीचा खांदा दुखतो म्हटलं की मी आधी तिचे गुडघे बघते. किती वाकतात, दोन्ही एकदम वाकतात का, आणि जमीन सोडताना ती वर जाते की नुसती पुढे पडते.

उड्यांच्या सरावातून पायांना दोन गोष्टी कळतात : वाकल्यावर रेंगाळायचं नाही, आणि धक्का वरच्या दिशेने द्यायचा. मात्र उडी सुधारली म्हणजे सर्व्हिस आपोआप सुधारते असं नाही. त्यासाठी प्रश्न १७ वाचा.

३. ताशी किती किलोमीटर वाढेल?

आकडा मी देत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वेग उंचीवर, टॉसवर, तंत्रावर आणि मुलीच्या आजच्या ताकदीवर अवलंबून असतो. सबीन लिसिकीने २०१४ मध्ये २११ किमीची आणि जॉर्जिना गार्सिया पेरेझने २०१८ मध्ये २२० किमीची सर्व्हिस मारली. हे आकडे घरात सांगून मुलीवर दडपण आणू नका.

आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे नीट सराव केला की फरक दिसू लागतो. तो आधी सर्व्हिसमध्ये दिसत नाही, पहिल्या पावलात दिसतो. समोरची खेळाडू चेंडू मारते त्या क्षणी आपण जी छोटी उडी घेतो, ती स्प्लिट स्टेप हलकी होते आणि आखूड पडलेल्या चेंडूपर्यंत मुलगी पोहोचते. सर्व्हिस मोजायला रडार लागत नाही. सरळ सर्व्हिस मारून, टप्पा पडल्यावर चेंडू मागच्या जाळीला किती उंचीवर लागतो ते महिन्यातून एकदा टिपून ठेवा.

४. माझी मुलगी १० वर्षांची आहे. उड्यांनी उंची खुंटते म्हणतात, खरं का?

नाही. पोरं दिवसभर उड्याच मारत असतात. लंगडी, दोरीच्या उड्या, खो-खो, रेषेवरून इकडून तिकडे टुणटुण उड्या, हे सगळं या वयात उत्तम. उंच स्टुलावरून खाली उडी टाकणं मात्र नको.

सांभाळायचा काळ थोडा पुढे येतो. बहुतेक मुलींची उंची साधारण ११ ते १२ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. हाडं भराभर लांबतात, स्नायू मागे राहतात आणि काल नीट उतरणारी मुलगी आज अडखळते. त्या महिन्यांत उड्या निम्म्या करा. दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण करत गेलात तर हा काळ चुकणार नाही. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड फुगून दुखत असेल किंवा टाच मागून दुखत असेल, तर उड्या बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयातली ही नेहमीची दुखणी आहेत, पण रेटून खेळलं की चिघळतात.

५. सुरुवात करायला मुलगी तयार आहे हे कसं ओळखायचं?

टाचा न उचलता २० बैठका नीट व्हाव्यात. एका पायावर ३० सेकंद न डगमगता उभं राहता यावं. एका पायावर थोडं वाकून पाच वेळा उठताना गुडघा आत कोसळू नये. आणि एका पायरीवरून उतरताना आवाज येऊ नये.

या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसते. पहिले दोन-तीन आठवडे माझ्याकडे मुली उडी मारायला नाही, उतरायला शिकतात. छोटी उडी, चवड्यांवर टेकून टाच खाली, गुडघे आणि कंबर मऊ वाकलेली, दोन सेकंद पुतळ्यासारखं स्थिर. मी पाठ फिरवून उभी राहते. ‘धप्प’ ऐकू आलं तर पुन्हा. आयांना वाटतं वेळ वाया चालला. पण ज्या मुलीला उतरता येत नाही, तिच्या प्रत्येक उडीचा मार गुडघा खातो.

६. मुलींचे गुडघे लवकर जातात असं ऐकलं. मग उड्या कशाला मारायच्या?

ऐकलं ते खरं आहे. धावणं-वळणं असलेल्या खेळांत गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळतं. आणि ते बहुतेक वेळा कुणी धक्का न देता तुटतं, उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना. वयात येताना मुलांचे स्नायू झपाट्याने वाढतात. मुलींमध्ये वजन आणि उंची वाढते, ताकद त्या मानाने मागे राहते. त्यात पाय ताठ ठेवून उतरण्याची आणि गुडघा आत झुकण्याची सवय लागते.

म्हणूनच उड्या मारायच्या, पण शिकून. उतरण्याचा सराव, उड्या, मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद, हे वॉर्म-अपमध्ये नियमित घेणाऱ्या मुलींमध्ये या दुखापती कमी होतात, हे फुटबॉल-हँडबॉलच्या मुलींवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसनंतर उजव्या हाताची खेळाडू डाव्या पायावर एकटीने उतरते, एका सामन्यात कितीतरी वेळा. डावखुरी उजव्या पायावर. ते उतरणं मुलीच्या समोर बसून मोबाईलवर टिपा, सावकाश करून बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का? आत जात असेल तर महिनाभर प्रश्न ५ मधलंच काम करा.

७. नेमके कोणते व्यायाम करायचे?

मी तीन प्रकार घेते. पहिला वर जाणारा : जागेवर घोट्यातल्या टुणटुण उड्या, मग पूर्ण वाकून वर उडी, मग गुडघ्याखालच्या उंचीच्या पक्क्या खोक्यावर उडी. खोक्यावरून उतरताना उडी मारायची नाही, पायऱ्या उतरल्यासारखं एकेक पाय खाली. दुसरा आडवा : उजव्या पायावरून डावीकडे उडी टाकून डाव्यावर स्थिर, मग उलट. टेनिसमध्ये सर्वाधिक पळणं आडवं असतं, म्हणून हा प्रकार सोडू नका. तिसरा मेडिसिन बॉलचा, म्हणजे फेकण्याच्या व्यायामाच्या जड चेंडूचा : छातीपासून ढकलणं, भिंतीला आडवं उभं राहून कंबरेतून फेकणं, आणि सर्व्हिसला सर्वांत जवळचा, गुडघे वाकवून बॉल डोक्यामागे नेऊन वर-पुढे भिरकावणं. वजन १ ते २ किलो पुरे. बॉल जड झाला की हात मंदावतो आणि सगळा हेतूच जातो.

उंचीवरून उतरून लगेच उसळणारी ड्रॉप जंप मी वर्षभर सराव झालेल्या, वजनाच्या बैठका मारू शकणाऱ्या मोठ्या मुलींनाच देते, तीही ३० सेंमीपासून.

८. एका दिवशी किती उड्या?

पाय जमिनीला किती वेळा टेकला ते मोजायचं. नवशिक्या मुलीसाठी एका सत्रात ८० हून जास्त नको; दोरीच्या उड्या त्यात धरत नाही. सरावलेल्या मुली १०० ते १२० पर्यंत जातात. दोन सत्रांत ४८ ते ७२ तासांचं अंतर हवं. सहा-आठ उड्या झाल्या की मिनिटभर तरी विसावा, मुलीला दम लागला नसला तरी. हा दमाचा व्यायाम नाही, झटक्याचा आहे.

व्हॉट्सॲपवर ‘रोज हजार उड्या’ची आव्हानं फिरतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. उडीची उंची कमी झाली किंवा उतरण्याचा आवाज वाढला की त्या दिवसाचं काम संपलं, मग आकडा ४० वर का असेना.

९. कोर्टवर खेळण्याआधी करायचं की नंतर?

आधी. दहा-पंधरा मिनिटं अंग तापवून, पाय ताजे असताना. दोन तास खेळून झाल्यावर थकलेल्या पायांनी कधीच नाही. स्पर्धेच्या आठवड्यात सत्र एकच आणि उड्या निम्म्या. सामन्याच्या आदल्या दिवशी काही नको.

१०. गच्चीवर उड्या मारल्या तर चालतील का?

रोजच्या सरावाला नको. सिमेंटची गच्ची काहीच धक्का शोषत नाही आणि टाइल्स निसरड्या असतात. उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानाला भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते. सपाट हिरवळ सर्वांत चांगली, नाहीतर दाबून बसवलेला मुरूम किंवा टेनिसचं हार्ड कोर्ट. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर जिममधल्या रबरी चटया अंथरा आणि फक्त कमी उंचीच्या उड्या घ्या. बूट टेनिसचेच हवेत. धावण्याच्या बुटांचा तळ उंच आणि मऊ असतो, आडव्या उडीत पाय कलंडतो.

११. मे महिन्यात काय करायचं? पारा ४५ च्या वर जातो.

सकाळी साडेपाचला सुरू, सातपर्यंत बंद. संध्याकाळी सात वाजताही कोर्ट दिवसभराची उष्णता ओकत असतं, त्यामुळे संध्याकाळ मी टाळते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, मैदानावरच्या उड्या बंद, घरात मेडिसिन बॉल आणि बैठका. घरात करणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा : कूलरसमोरची फरशी. तिच्यावर पाण्याचा बारीक थर बसलेला असतो आणि तो दिसत नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आधीपासून घोट घोट प्यायचं. डोकं दुखणं, मळमळणं, अंगावर काटा येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबून सावलीत आणि ओलं कापड मानेवर. बोलणं असंबद्ध झालं तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना.

१२. मेडिसिन बॉल महाग आहे. घरी करता येईल का?

येतो. जुना फुटबॉल थोडा कापून त्यात कोरडी वाळू भरा, शिवा, वरून दोन-तीनदा पक्की टेप गुंडाळा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. तो उसळत नाही, म्हणून भिंतीवर आपटून झेलण्यापेक्षा मोकळ्या जागेत फेका आणि चालत जाऊन आणा. त्या चालण्यात विसावाही होतो.

१३. पाळीच्या दिवसांत उड्या माराव्यात का? आणि हल्ली तिचे पाय लवकर गळतात, त्याचं काय?

पाळी आहे म्हणून थांबायची गरज नाही. पोट दुखत असेल, स्राव जास्त असेल तर त्या दिवशी फक्त उतरण्याचा हलका सराव. निर्णय मुलीचा. तिने कारण न सांगताही ‘आज नको’ म्हटलं तर ते मान्य करायला शिका, बाबांनीही.

पाळी तीन महिने आलीच नाही, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. खूप सराव आणि कमी जेवण असं चाललं की शरीर पाळी थांबवतं, हाडं कमजोर होतात आणि उड्यांनी नडगीला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. नडगीवर बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका.

पाय गळण्याचं कारण बरेचदा रक्तात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. तुरीचं वरण, हरभरे, मेथी, तीळ रोजच्या ताटात असू द्या, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा देऊ नका; चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

१४. ताई, उडी मारताना थोडी लघवी निसटते. कुणाला सांगायची लाज वाटते.

हा प्रश्न मला नेहमी एकटीला गाठून, हळू आवाजात विचारला जातो. म्हणून इथे मोठ्याने उत्तर देते : उड्या मारणाऱ्या खेळांतल्या, मूल न झालेल्या तरुण मुलींमध्येही हे पुष्कळ आढळतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उडीच्या धक्क्याला वेळेवर आवळले जात नाहीत. पाणी पिणं कमी करून उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो. या विषयातल्या महिला फिजिओथेरपिस्ट ते स्नायू आवळायला आणि सोडायलाही शिकवतात; बहुतेकींना काही आठवड्यांत फरक पडतो. तोवर दोन पायांवरच्या कमी उंचीच्या उड्या करा, उतरताना श्वास रोखू नका. आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट चढवून छाती लपवत खेळणाऱ्या मुलींना एवढंच सांगते, नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची आहे.

१५. बाळंतपणानंतर कधी सुरू करू?

बारा आठवड्यांच्या आत उड्या नकोत. पुष्कळ जणींना सहा महिने लागतात. सिझेरियन असेल तर टाक्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. खाली जडपणा वाटणं किंवा काही उतरल्यासारखं वाटणं हा थांबण्याचा इशारा आहे. लघवीच्या त्रासासाठी वरचं उत्तर लागू.

१६. मी ४६ वर्षांची, सकाळी डबल्स खेळते. माझ्यासाठी हे आहे का?

आहे, लहान मात्रेत. पाळी जाण्याच्या काळात हाडांची घनता झपाट्याने कमी होते आणि हाडांना थोडा धक्का हवा असतो. टाचा उचलून धप्पकन टेकवणं, मग घोट्यातल्या १०-२० छोट्या उड्या, आठवड्यातून दोनदा. त्याच्या जोडीला बैठका. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, गुडघा सुजत असेल किंवा सांधा बदललेला असेल तर उड्या सोडा आणि मेडिसिन बॉलचं काम ठेवा.

१७. उडी चांगलीच वाढली, पण सर्व्हिस होती तिथेच. असं का?

बहुतेकदा टॉसमुळे. टॉस डोक्यामागे किंवा कमी उंच गेला की पायांना जोर लावायला वेळच मिळत नाही; मुलगी चेंडू वाचवायच्या मागे लागते. दुसरं कारण वेळेचं. काही जणी उडी आधी मारतात आणि खाली येताना चेंडू मारतात, म्हणजे पायांचा सगळा धक्का हवेत विरलेला असतो. तिसरं, टॉस वर असताना गुडघे वाकवून त्या थांबतात. प्रश्न १ मधली तीन सेकंदांची उडी आठवा, तेच इथे घडतं.

मी उडी आणि सर्व्हिस शेजारी शेजारी ठेवते. मेडिसिन बॉल डोक्यावरून पाचदा भिरकवा, मिनिटभर थांबा, मग सहा सर्व्हिस मारा, चेंडू आत पडतो की बाहेर याची पर्वा न करता. पुन्हा पाच, पुन्हा सहा. चार फेऱ्या पुरेत. अंगात जो झटका नुकताच भरलेला असतो तो सर्व्हिसमध्ये उतरतो. पुढच्या आठवड्यात कोचला बोलावून फक्त टॉस बघायला सांगा.

१८. एसीएलचं ऑपरेशन झालंय. पोरगी खेळायला उतावीळ आहे.

किमान नऊ महिने, आणि नऊ महिने झाले म्हणून नव्हे, तर ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद आणि एका पायाची उडी दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आली म्हणून. त्याआधी परतलेल्या खेळाडूंमध्ये पुन्हा लिगामेंट तुटण्याचा धोका बराच जास्त असतो. पहिली उडी फिजिओंच्या डोळ्यांसमोर, घरी नाही. या काळात बसून मेडिसिन बॉल फेकता येतो, टॉसचा सराव करता येतो. तिला कोर्टपासून तोडू नका, बाकावर बसून गुण लिहू द्या.

१९. सर्व्हिस करताना दोन्ही पाय हवेत गेले तर फूट फॉल्ट होतो का?

नाही. पूर्वी एक पाय जमिनीवर ठेवावा लागे, तो नियम कधीच गेला. आता चेंडूला रॅकेट लागेपर्यंत बेसलाइनला (कोर्टच्या मागच्या रेषेला) किंवा आतल्या कोर्टला पाय टेकला नाही म्हणजे झालं. नंतर आत उतरलेलं चालतं. मात्र जोरात उडायला लागलेल्या मुली नकळत पुढे सरकतात आणि टॉसच्या वेळीच पुढचा पाय रेषेवर जातो. सरावात रेषेच्या चार बोटं मागे खडूने खूण करून तिथून मारायला लावा.